वर्णमालेचं रागकोडं : रविवार रात्रीची वही

२५ मे २०२५, रविवार

आजपासून वेगळी वही. आधीची टिपणं फाउंड्रीच्या जुन्या डायरीत होती आणि ती डायरी पावत्यांच्या कुठल्या गठ्ठ्यात गेली ते अंबाबाईलाच ठाऊक.

आम्ही सातजण. एकमेकांना प्रत्यक्ष कधीच भेटलेलो नाही. रविवारी रात्री ९ वाजता कॉल लावायचा, तासभर शास्त्रीय संगीताचं कोडं खेळायचं, मग अर्धा तास भांडायचं. नावानं कुणी कुणाला हाक मारत नाही, गावानंच ओळख: धारवाडचे काका, दादरचे मास्तर (तबला शिकवतात), गोव्याची ताई, नागपूरचा पोरगा, सोलापूरचे डॉक्टर (जनावरांचे), लंडनची आणि मी, कोल्हापूर. आठवे आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. ते खेळात नाहीत, पण माझ्या पाठीमागं पलंगावर बसून पुटपुटतात आणि माइक त्यांचं पुटपुटणं माझ्या बोलण्यापेक्षा स्वच्छ पकडतो.

वर्षभर ज्याला जे सुचेल ते विचारायचं असं चाललं होतं. काका दर आठवड्याला मल्लिकार्जुन मन्सूर विचारणार, मास्तर तिहाया (तीनदा वाजवून समेवर येणारे तुकडे) विचारणार आणि जिंकणारही तेच दोघं. पोरानं तोडगा काढला: अक्षरं घ्या. अ पासून सुरू, दर रविवारी पुढची दोन-चार, उत्तर त्या अक्षरानं सुरू झालंच पाहिजे. राग, ताल, वाद्य, गवई, गाव, काहीही चालेल. मांडणीचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण शिरोलीला दिवसभर मी खतावण्याच जुळवत असते.

आज नुसतं पत्रक आखलं. एका अक्षराला एक रकाना. अ चा रकाना दहा मिनिटांत भरून वाहिला: अडाणा, अहिर भैरव, अभोगी, अल्हैया बिलावल, अब्दुल करीमखाँ, अल्लादियाखाँ, अत्रौली. औ चा रकाना कोरडा. घ, ढ, ण यांच्याकडं बघवत नाही.

१ जून, रविवार

स्वरांची फेरी. अ ते औ एकत्र मिसळून विचारलं, त्यामुळं सापळा लावता आला. प्रश्न होता, अल्लादियाखाँसाहेबांचा जन्म कुठला? सगळ्यांनी धडाधड अत्रौली लिहिलं. घराण्याच्या नावातच जयपूर-अत्रौली आहे, तेव्हा त्यांचंही काही चुकलं नाही. पण जन्म राजस्थानातल्या उनियाऱ्याचा, साल १८५५. उ चं उत्तर, आणि ते एकट्या लंडनला आलं. तिथं साडेचारच्या चहाची वेळ असते, डोकं ताजं असतं तिचं.

काकांना हे लागलं. 'तुम्ही कोल्हापूरवाले खाँसाहेबांवरून परीक्षा घेणारच,' म्हणाले. घेणारच की! शाहू महाराजांच्या पदरी इथं राहिलेला माणूस. त्यांच्या आवाजाची एकही तबकडी नाही, म्हणजे ऐकवायच्या फेरीत खाँसाहेब येऊच शकत नाहीत. येतात ते त्यांच्या परंपरेतले केसरबाई, मोगूबाई, मन्सूर. पाणी कसं होतं ते घागरींवरून ओळखायचं.

इ ला इचलकरंजी सगळ्यांना आलं. बाळकृष्णबुवांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल असा माझा समज आहे. ऋ ला ऋषभ, ए ला एकताल, ऑ ला संगीत नाटकातला ऑर्गन, ओ ला ओंकारनाथ ठाकूर. ई वर मात्र पंधरा मिनिटं गेली. उत्तर होतं ईमन. काकांचं म्हणणं, यमनला ईमन म्हणणारा जिवंत माणूस दाखवा. मास्तर म्हणाले, मी म्हणतो, मला धरा. ग्राह्य धरलं. औ ला शून्य प्रश्न, शून्य गुण.

८ जून, रविवार

क. एकच अक्षर, आणि तेही एका फेरीत मावलं नाही. काफी, केदार, कामोद, कलावती, किराणा, कुरुंदवाड. केसरबाई केरकर म्हणजे नाव-आडनाव दोन्हीकडून क, त्यामुळं तो प्रश्न ताईसाठी राखून ठेवला होता. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर यानांवरून जी सोनेरी तबकडी गेली, तीत भारतातलं एकच गाणं आहे. कुणाचं? ताईनं उत्तर लिहून वर भैरवी, 'जात कहाँ हो' आणि साडेतीन मिनिटं हेही लिहिलं. मागितलं नव्हतं. केरीची बाई आकाशात गेली म्हटल्यावर गोवेकर थांबतोय कसला!

गडबड झाली ती ऐकवायच्या प्रश्नाला. केदारचा तुकडा लावला आणि डॉक्टर म्हणाले, 'बाई मधूनमधून पाण्यात बुडताहेत.' दुसऱ्यांदा लावला, तेच. आवाज सुरू होतो, पहिला स्वर येतो, मागचा तंबोरा दोन सेकंद ऐकू येतो आणि मग कुणीतरी उशी दाबल्यासारखा गप्प होतो. तंबोऱ्याबरोबर लांबलेला षड्ज (सा) ही जातो. तान आली की आवाज परत येतो.

पोरानं फेरी संपल्यावर उलगडा केला. कॉलच्या ॲपला सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर वाटते आणि ते तो आवाज गाळून टाकतं. माणसाचं बोलणं तुटक असतं, म्हणून ते ठेवतं. म्हणजे त्याच्या लेखी तंबोरा हा कचरा. आप्पांना सांगितलं तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत.

१२ जून, गुरुवार

दोन दिवस सेटिंग धुंडाळण्यात गेले. गाळणी बंद करायचं बटण आहे, पण ते ज्याचं त्यानं बंद करायचं आणि डॉक्टरांच्या फोनवर सापडतच नाही. शिवाय आवाज प्रत्येकाकडं वेगळ्या वेळी पोचतो. लंडनला अर्धा-पाऊण सेकंद उशिरा. 'जो आधी ओरडेल त्याला गुण' हा नियम त्यामुळं मुळातच अन्यायाचा होता, आणि वर्षभर तो कुणाच्या लक्षात आला नाही याचं मला जास्त वाईट वाटलं.

नवी पद्धत ठरली. ऐकवायचे तुकडे रविवारी ८.४५ ला प्रत्येकाला फाइल म्हणून पाठवायचे. उत्तर मला खासगीत टाइप करायचं. तीस सेकंद. आधी कुणी पाठवलं याला किंमत नाही.

१५ जून, रविवार

ख, ग, घ. फाइलींची नावं १, २, ३ अशी दिली होती. पाठवल्या. ८.५० ला नागपूरहून निरोप: 'दीदी, तीन नंबर में गौड मल्हार बढ़िया है.'

फाइलीचं नाव बदललं तरी तिच्या पोटात राग, गायक, तबकडी सगळं लिहिलेलं असतं आणि फोन ते वाजवताना मोठ्या अक्षरात दाखवतो. कुठल्या शहाण्यानं ते लिहून ठेवलंय म्हणून बघायला गेले, तर मीच. २०१९ साली आप्पांच्या कॅसेटी उतरवताना रात्र-रात्र जागून एकेक नोंद भरली होती. सगळ्या क्लिपा रद्द, तोंडी प्रश्नांवर फेरी काढली.

पण तोंडी फेरी रंगली, घ मुळं. मला वाटलं होतं घ म्हणजे घराणं आणि घसीट (तारेवरून बोट घसरवत काढलेला स्वर), संपलं. मास्तरांनी घग्गे खुदाबक्ष काढले. आवाज घोगरा म्हणून घग्गे. ग्वाल्हेरला जाऊन शिकले, आवाज घडवला आणि आग्र्याच्या धृपदियांच्या घरात ख्याल नेला. हे ऐकून आप्पा पलंगावरून म्हणाले, खाँसाहेबांचाही आवाज गाऊन गाऊन बसला होताच की. तेही खरंच. बसलेला आवाज पुन्हा उठवताना अल्लादियाखाँनी गायकीच निराळी बांधली. दोन घराणी, दोन बिघडलेले गळे. घ च्या रकान्यापुढं मी 'कोरडा' लिहिलं होतं, ते खोडलं.

२२ जून, रविवार

च, छ, ज, झ. सुरळीत. पोटातली नावं पुसून फाइली पाठवल्या. चारुकेशी, छायानट, जौनपुरी, झिंझोटी. डॉक्टर मध्येच म्हशीच्या बाळंतपणाला गेले, त्यांना सरासरीनं गुण दिले. लिहिण्यासारखं काही नाही.

२९ जून, रविवार

ट, ठ, ड, ढ, ण. ज्याची भीती होती ती फेरी.

ट ला टप्पा हा गायनप्रकार, त्याबरोबर ज्यांचं नाव येतं ते शोरी मियाँ. त्याआधी आप्पांची तक्रार: 'ग मध्ये गोविंदराव टेंबे का न्हाईत घातले?' मी म्हटलं, ट मध्ये घेतो. (कोल्हापूरची बाई मी, लिहिताना 'घेते' लिहिते, बोलताना 'घेतो' बोलते. ताईला पहिल्यांदा कळेना की मी कुणाविषयी बोलते आहे.) मग त्यावरून वाद, गवयाचं नाव धरायचं की आडनाव? ठरलं असं: लोक ज्या नावानं बोलतात ते. केसरबाई क, टेंबे ट, बालगंधर्व ब. पलुसकर प, कारण नुसतं 'विष्णू' म्हटलं तर कोण कळणार?

ढ ला मी ढोल आणि ढोलकी दिले. मास्तर म्हणाले, ही शास्त्रीय मैफलीची वाद्यं नव्हेत, प्रश्न बाद. बाद तर बाद.

ण चं काय करायचं? मराठीत ण नं शब्दच सुरू होत नाही. मी नियम वाकवला: शब्दात कुठंही ण चालेल, दोन मिनिटांत जास्तीत जास्त शब्द लिहा. आणि महिन्याभरातली सगळ्यात मजेदार भानगड इथं निघाली. पोरानं एकच लिहिला, गुणकली. आम्ही बाकीच्यांनी घराणं, तराणा, किराणा, अडाणा. पोरगा चिडला. 'घराना में ण कहाँ से आया?' त्याचंही बरोबर. हिंदीत घराना, तराना, अड़ाना, सगळीकडं न. ते शब्द सह्याद्रीच्या या बाजूला आले आणि आपण त्यांच्या नाकावर ण ठेवला. उत्तर प्रदेशातलं कैराना तर आपल्याकडं वाण्याचं दुकान होऊन बसलं. एकच शब्द नागपूरला न च्या रकान्यात आणि कोल्हापूरला ण च्या.

मराठीतलं कोडं आहे, ण ग्राह्य. पोराला सांत्वनाचा एक गुण.

६ जुलै, रविवार

आषाढी. आप्पा भजनी मंडळाबरोबर नंदवाळला. त थ उरकलं. पाठीमागून कुणी पुटपुटलं नाही तर माझे तीन प्रश्न चुकले, म्हणजे मी स्वतः विचारलेले, माझंच उत्तर चुकीचं. ताई म्हणाली, वडलांना परत बोलवा.

१३ जुलै, रविवार

द, ध, न. ताईनं सुरुवातीलाच आठवण दिली की आज केसरबाईंचा जन्मदिवस, १८९२.

या खेळात एक मूळचंच भगदाड आहे आणि ते मला उशिरा दिसलं. अक्षर आधी जाहीर झालेलं असतं. द च्या फेरीत देशकार वाजवला की कुणालाही ओळखता येतो, कारण भूप भ मध्ये बसलाय, तो आज येणार नाही. ऐकायची गरजच नाही. म्हणून पालटलं: तुकडा ऐका आणि फक्त सांगा, हा आजच्या अक्षराचा आहे की नाही?

तुकडे आप्पांकडून पेटीवर वाजवून घेतले. भूप आणि देशकार, दोन्हींत तेच पाच स्वर, सा रे ग प ध. भूप गंधाराभोवती फिरतो, देशकार धैवतावर उभा राहतो. आप्पा आधी तयारच होईनात. 'रात्री नऊला सकाळचा राग वाजवायला लावतीस.' मग भाता ओढला आणि ग प ध करत धैवतावर जाऊन बसले, बोट उचलेचनात. पट्टीवरचं हस्तिदंती रंगाचं पत्रं धैवताच्या जागी झिजून पिवळं पडलंय, ते मला आज दिसलं. चाळीस वर्षं भजनं वाजवलेली पेटी आहे ती, देशकारानं झिजलेली नव्हे, पण तरी.

पहिला तुकडा देशकार, सगळे बरोबर. दुसरा भूप, सगळे बरोबर. तिसरा पुन्हा देशकार, त्याच वादनातला पुढचा आठ सेकंदांचा भाग. सहापैकी पाच जणांनी 'नाही' लिहिलं. मी आनंदानं पाच चुका मांडल्या.

काका शांतपणे म्हणाले, 'बाई, तुमच्या तुकड्यात देशकार नाहीच आहे.'

पुन्हा लावला. खरंच. मी कापला होता तो भाग सगळा खाली उतरण्याचा, प ग रे सा, ग वर जरा थांबून. धैवताकडं परत जायच्या आधीच माझी कात्री लागलेली. 'देशकार पुढच्या वळणावर होता,' काका म्हणाले, 'तुम्ही लोकांना अलीकडच्या स्टॉपवर उतरवलं.' पाचही जणांचे गुण परत केले. 'होय' लिहिणाऱ्या डॉक्टरांचेही काढले नाहीत, ते कसे काढणार? आप्पा पेटीचं झाकण लावत म्हणाले, 'मी वाजवला तवा देशकारच हुता.' या वाक्यावर उत्तर नाही.

द मध्ये कोल्हापुरातली १८८३ सालची संगीतसंस्था, देवल क्लबही विचारला. सगळ्यांना आला. त्याचा काय आनंद व्हायचा!

२० जुलै, रविवार

जीएसटीचं रिटर्न. फेरी नाही.

२७ जुलै, रविवार

प, फ. धो धो पाऊस. ८.५५ ला वीज गेली, मोबाइलच्या डेटावर खेळ केला, मेणबत्तीच्या उजेडात पत्रक.

पलुसकर सोपे गेले. कुरुंदवाडचा जन्म, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय. फ ला फैयाजखाँ आणि चौदा मात्रांचा फिरोदस्त, मास्तर खूश.

पुढचा प्रश्न: १९४० ते १९७१ आकाशवाणीवर कोणत्या वाद्याला बंदी होती? लंडननं 'हार्मोनियम' लिहिलं. फेरी प ची, उत्तर पेटी. ती म्हणाली, मला वाद्य माहीत आहे की नाही? मी म्हटलं, वाद्य बरोबर, अक्षर चूक. अर्धा गुण. हा निवाडा मला आजही पुरता पटलेला नाही.

आप्पा अंधारात बोलायला लागले. त्यांचा जन्म १९५१ चा. पेटी शिकायला लागले तेव्हा रेडिओवर पेटी नव्हतीच. स्वर पक्के बसवलेले, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही, श्रुती (दोन स्वरांमधले बारीक स्वर) सापडत नाहीत, अशी कारणं होती. मास्तरांनी ती सांगितली आणि संगीतशास्त्राच्या बाजूनं ती खोटीही नाहीत. पण दहा वर्षांच्या पोराला एवढंच कळायचं की आपण शिकतो ते वाद्य रेडिओ घरात घेत नाही. 'मला वाटायचं, लायसन पायजे असंल त्याला.' सगळे हसले, तेही हसले. पुढचा प्रश्न विचारायला मला जरा वेळ लागला.

३ ऑगस्ट, रविवार

ब, भ. भ सरळ. ब नं जीव खाल्ला.

बागेश्री की वागीश्वरी? बिभास की विभास? बसंत की वसंत? बिंद्राबनी सारंग की वृंदावनी? प्रत्येकाला दोन दारं. माझ्या पत्रकात बागेश्री ब ला होता आणि वृंदावनी व ला, का ते विचारलं तर सांगता येत नव्हतं. पोरानं युनिकोडचा आधार घ्या म्हटलं. घेऊन बघितलं. तिथं ळ ला जागा ल च्या लगेच पुढं दिली आहे. मराठी वर्णमालेत ळ बसतो ह च्या मागं, शेवटच्या बाकावर. मग त्या आधाराचं काय ऐकायचं?

तासभर चाललं. काकांनी तोडलं. ते म्हणाले, आमच्या गुरुजींनी मला एकही राग लिहून दिला नाही. त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते नाव. तेव्हा प्रत्येकानं एकेकदा मोठ्यानं 'बागेश्री' म्हणा. सगळ्यांनी म्हटलं. सातही वेळा ब. वसंत म्हणा. चार ब, तीन व. बसंत दोन्ही फेऱ्यांत ठेवला. पत्रकात आता 'नाव' याच्या शेजारी 'म्हणतात' असा रकाना वाढवलाय.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मिरजेला गेले. म च्या फेरीसाठी आणि तंबोऱ्यासाठी. शिकणं सुटल्यापासून म्हणजे बावीस वर्षं तो कपाटावर आडवा आहे. कॉलवरचा तंबोरा बुडाला त्या रात्रीपासून मनात होतं की बॅकग्राउंडला आपलाच लावावा.

गवसणी घालून पॅसेंजरला चढवला. बायकांच्या डब्यात एका आजींनी विचारलं, 'पाळणा का?' पन्नास किलोमीटर मांडीवर घेऊन बसले, तेव्हा त्यांचं चुकलं असंही नाही.

वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत सुट्टी असूनही निम्मी दुकानं उघडी. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना गेल्या वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं. छताला मंगळवेढ्याकडचे भोपळे टांगलेले. दुकानातल्या कारागीर चाचांनी तारा सैल केल्या, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बोट फिरवलं आणि म्हणाले, 'तारेनं खड्डे पाडलेत.' कानशीचे चार-पाच हात मारायचे, तार चढवायची, छेडायची, उतरवायची, परत कानस. मला प्रत्येक वेळी आवाज तोच वाटत होता. मग त्यांनी तारेखाली सुती दोरा सरकवला, इतका थोडा की सरकलेला दिसला नाही, आणि एका जागी तार एकदम उघडली. आतून दुसरीच तार बोलायला लागल्यासारखी झणझण. चौथ्या तारेच्या वेळी ते मानेनं दुकानातल्या पोराला म्हणाले, 'पंखा बंद कर.' ऐकायचं होतं त्यांना. मला हसू आलं, का ते त्यांना सांगता आलं नाही. कॉलच्या ॲपला तंबोरा आणि पंखा एकच वाटतो, आणि इथं एकासाठी दुसरा बंद.

येताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन आले. अब्दुल करीमखाँ तिथंच आहेत, १९३७ पासून. पाऊस होता, पाच मिनिटं थांबले.

१७ ऑगस्ट, रविवार

म आणि य. मिरज, मोगूबाई, मुलतानी, मालकंस. होय-नाहीची फेरी मारव्यावर: मारवा, पूरिया, सोहनी, तिन्हींचे स्वर तेच. मारवा रिषभ-धैवतावर, पूरिया गंधार-निषादावर, सोहनी वरच्या सप्तकात. या वेळी कापायच्या आधी प्रत्येक तुकडा आप्पांना डोळे मिटून ऐकवला. त्यांनी ओळखला तरच ठेवला. चारांतले दोन फेकले.

तंबोऱ्याची वीस मिनिटं उतरवून घेतली आहेत, ती सगळ्यांना फाइल म्हणून पाठवली. डॉक्टर गोठ्यात लावणार म्हणतात.

य ला यमन. काकांनी 'ईमन' लिहिलं. मुद्दाम.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. समोरच्या मंडळाची स्पीकरची भिंत माझ्या खिडकीपासून वीस फुटांवर. र, ल, व चे प्रश्न लेखी पाठवले, उत्तरं लेखी आली. रागेश्री, ललित, लंकादहन सारंग, वृंदावनी. वसंतला तिघांनी दुसऱ्यांदा गुण मिळवले.

१४ सप्टेंबर, रविवार

श, ष, स. ष ला षड्ज, दुसरं काय असणार. 'षड्ज' म्हणताना ष कोण म्हणतं, सगळे श च म्हणतात, असं पोरगा म्हणाला. त्याच्या मागं माझाच नवा रकाना उभा. तरी ष मधून षड्ज काढायची हिंमत कुणाची झाली नाही. एवढा अपवाद.

स ला 'संयुक्त मानापमान'. ८ जुलै १९२१, बालगंधर्व आणि आमचे केशवराव भोसले एकाच रंगमंचावर, टिळक स्वराज्य फंडासाठी. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, एकतिसाव्या वर्षी. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं ती रात्र त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवसाची. आप्पा त्या रात्री खासबागेपर्यंत चालत गेले होते. हे कॉलवर सांगितलं नाही, इथं लिहून ठेवते.

२१ सप्टेंबर, रविवार

ह आणि ळ. हमीर, हिंडोल, हंसध्वनी झटपट झाले. क्ष, ज्ञ सोडून दिले, ओढूनताणून काय करायचं?

ळ ला ण चाच नियम, दोन मिनिटं. भूपाळी सगळ्यांनी. काळी चार, काळी पाच (गाण्याच्या पट्ट्या) मास्तरांनी. ताई म्हणाली मग मी काळी एकपासून पाचपर्यंत लिहिते, पाच गुण द्या. एकच दिला. मी भोपळा लिहिला. काकांनी लिहिलं, 'खुंटी पिळणे'. पोराला कळलं नाही, तर त्यांनी फोन खाली ठेवून कॅमेऱ्यासमोर तंबोरा आणला आणि पिळून दाखवली. धारवाडहून, गाळणी बंद करून. सगळ्यांनी आपापली गाळणी बंद केली होती, डॉक्टरांना बटण सापडलं होतं. तीन-चार मिनिटं कुणी बोललं नाही. काका लावत राहिले.

एकूण गुणांत ताई पहिली, मास्तर दोन गुणांनी मागं. पेटीवरून राहिलेला अर्धा गुण लंडनला दिला, त्यानं कुणाची जागा बदलत नाही.

उद्या घट बसणार. पुढचा रविवार नवरात्रात, सुट्टी. ५ ऑक्टोबरपासून ताई ह कडून उलटं घेणार म्हणते.

कॉल बंद करून वही मिटत होते तर आप्पा स्वयंपाकघरातून ओरडले, 'औंध!'

मी म्हटलं, काय औंध?

'औ. औंध. अंतूबुवा जोशी, औंधच्या दरबारचे. इचलकरंजीकरांचे शिष्य. गजाननबुवांचे वडील. कुणाला कसं सुचलं न्हाई?'

जूनमध्ये विचारलेलं. रकान्यात लिहिलं.